अभंग कोणाच्या मालकीचा?



आपल्या मंडळींत एक प्रश्न अधूनमधून निघतो. कीर्तन आटोपून टाळ खाली ठेवले, बुक्का लावून झाला, पाने-सुपारी फिरू लागली, की कुणीतरी विचारतो, ‘‘बुवा, ख्रिस्ती लोकही म्हणे पेटी-मृदंगावर भजन करतात, अभंग रचतात, कीर्तनाला उभे राहतात. हे बरे की वाईट?’’ मग दोन तट पडतात. एक म्हणतो, हा आपल्या धर्माला लावलेला गळ आहे. आमिष आपलेच, काटा दुसऱ्याचा. दुसरा म्हणतो, असू द्या हो, देव एकच आहे, कुठेही गायले तरी पोचते. दोघेही आपापल्या घरी जातात आणि प्रश्न होता तिथेच राहतो. आम्हाला वाटते, हा प्रश्न इतक्या स्वस्तात सोडू नये. याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे: संतांनी जे दिले ते कोणाच्या मालकीचे? आणि आपल्या दारातून उठून गेलेला माणूस जाताना आपलेच गाणे घेऊन गेला, तर त्याला चोर म्हणावे की सोयरा?

आम्ही नाशिककरांना तर हा प्रश्न टाळताच येत नाही. निवृत्तिनाथ महाराजांची समाधी त्र्यंबकेश्वरी. पौष वद्य एकादशीला तिथे वारकऱ्यांचा मेळा भरतो, आणि ज्येष्ठात तिथूनच नाथांची पालखी पंढरीला निघते. त्याच गोदावरीच्या काठी, नाशकात, शरणपूर आहे. रोज हजारो माणसे शरणपूर रोडने जातात-येतात. पण हे नाव कुठून आले याचा विचार फार थोडे करतात. १८५४-५५ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने नवख्रिस्ती कुटुंबांसाठी ही वस्ती वसवली, तिचे नाव शरणपूर. पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची मुलेही इथे आणली गेली. त्यांना शाळा आणि हातकामे शिकवली. आफ्रिकेत १८७३ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा ज्या सोबत्यांनी त्याचे शव महिनोन् महिने वाहून समुद्रकाठापर्यंत नेले, त्यांत नाशिकच्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट होता. गुलामीतून सुटलेला पोर गोदेच्या काठी वाढतो आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला उभा राहतो! सांगायचे एवढेच, की आमचे हे तीर्थक्षेत्र फार दिवसांपासून अनेकांचे आहे. शेजार नवा नाही. शेजाराचा विचार मात्र आपण उशिराच करतो.

आता आधी पूर्वपक्ष मांडू. आणि तो नीट मांडू. कारण पूर्वपक्ष दुबळा मांडून जिंकणे हे कीर्तनकाराला शोभत नाही.

पूर्वपक्ष असा की, ख्रिस्ती धर्म या देशात पुष्कळ ठिकाणी हातात सत्ता घेऊन आला. केरळातले जुने ख्रिस्ती सोडा; ते शेकडो वर्षे शेजाऱ्यांत शेजारी म्हणून नांदले. पण गोव्याचे काय? पोर्तुगीज अमलात सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या महालांतली देवळे पाडली गेली. मंगेशाला कुशस्थळी सोडून प्रियोळला यावे लागले, शांतादुर्गेला केळशी सोडून कवळ्याला. कुळेच्या कुळे देवाला डोक्यावर घेऊन नदीपार झाली. १५६० साली तिथे धर्मसमीक्षण सभा बसली, म्हणजे लोक ज्याला इन्क्विझिशन म्हणतात ती. ती मधली थोडी वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालली. १६८४ साली तर लोकांनी आपली बोलीच टाकून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम निघाला. ज्यांनी देऊळ पाडले त्यांच्या माणसांनी आमची ओवी उचलावी, आणि आम्ही ‘वा वा’ म्हणावे? पूर्वपक्षाचा हा सवाल खोटा नाही.

याच गोव्यात तो प्रसिद्ध ग्रंथ झाला. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात १५४९ साली जन्मलेला जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. मधली चाळीस वर्षे बहुतेक साष्टीत गेली. तो आमची भाषा शिकला, म्हणजे बाजारापुरती नव्हे. ओवीचे वळण त्याच्या हाताला बसले, आणि त्याने येशूची कथा मराठी ओव्यांत रचली. दहा हजारांवर ओव्या. राचोलला १६१६ साली ते ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. मराठी भाषेची त्याने केलेली थोरवी आजही वाचली जाते. आमच्या एकनाथ महाराजांनी १५९९ साली देह ठेवला; म्हणजे पैठणला नाथांची ओवी चालली होती तेव्हा साष्टीत हा परका माणूस ओवीची अक्षरे गिरवत होता.

त्याने हे का केले? त्याच्या ग्रंथातच याचे उत्तर येते. नव्याने ख्रिस्ती झालेली माणसे त्याला म्हणत होती, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी आम्हाला वाचायला-ऐकायला आमच्या बोलीत काही तरी द्या. वाचकहो, या मागणीपाशी क्षणभर थांबा. देऊळ गेले, देव गेला, नाव बदलले, कपडे बदलले. पण संध्याकाळी दिवा लागल्यावर कुणीतरी ओवी म्हणावी आणि चारजणांनी ऐकावी, ही भूक गेली नाही. सत्तेने देवळाचा दगड हलवला, कान हलवता आला नाही. स्टीफन्सने ती भूक ओळखली.

मग स्टीफन्सला काय म्हणायचे? आमचे म्हणणे असे, की इथे दोन हिशेब आहेत आणि ते दोन वहीत लिहावेत. जुलमाचा हिशेब एका वहीत. तो ‘क्रिस्तपुराण’ किती गोड आहे यावरून कमी होत नाही. पाडलेल्या देवळाची भरपाई दहा हजार ओव्यांनी होत नसते. दुसऱ्या वहीत ओवीचा हिशेब. परक्या मुलखातून आलेल्या एका माणसाने या भाषेपुढे मान लवविली, तिच्या चालीने चालला, हे खरेच. ते नाकारले तर आपण कृतघ्न ठरू. पहिल्या वहीच्या रागाने दुसरी फाडू नये, आणि दुसरीच्या कौतुकाने पहिली पुसू नये. पुष्कळ लोक यांतले एक करतात, म्हणून भांडण मिटत नाही.

आता कुणी म्हणेल, ‘‘गोवा दूरचा, काळ जुना. आमच्या जवळचे सांगा.’’ जवळचे सांगू. अगदी घरचे सांगू.

नारायण वामन टिळक हे १८६१ साली कोकणात जन्मले आणि लहानपणीच आई गेल्यावर नाशकात आले. इथेच गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. त्यांचे लग्न नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी झाले; त्याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. टिळक घरी न टिकणारे, धर्माच्या शोधात सतत अस्वस्थ. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी बाई जवळ नव्हत्या. बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर जो प्रसंग गुदरला तो त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे; आम्ही त्यावर रंग चढवीत नाही. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला. पाच वर्षांच्या आतबाहेर त्या नातलगांत राहिल्या, पंढरपुरातही राहिल्या. धर्मांतर ही चर्चेत नुसती एक गोष्ट असते. घरात ती चूल विझवून जाते. ‘देव एकच आहे, काय बिघडले’ असे सहज म्हणणाऱ्यांनी ही विझलेली चूल आठवावी.

आणि हे टिळक ख्रिस्ती झाल्यावर काय गाऊ लागले? अभंग! आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून आलो, अशा अर्थाचे ते बोलत. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहून त्यांनी कितीतरी भजने लिहिली. ‘अभंगांजली’ हे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच आहे. ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या पोथीत ती आजही आहेत आणि रविवारी देवळात गायली जातात. त्यांच्याआधी कृष्णराव सांगळे वगैरे नगरच्या मंडळींनी देशी चालींत गाणी आणि कीर्तने बसवली होतीच. टिळकांनी त्यात जीव ओतला.

इथे पूर्वपक्ष पुन्हा उठतो, ‘‘हाच तर गळ!’’ पण गळ कशाला म्हणतात? ज्याला आमिषाची गोडी नाही तो गळ टाकतो. कोळी गांडूळ लावतो, स्वतः खात नाही. टिळकांची गोष्ट निराळी. ते अभंग दुसऱ्याला फसवण्यासाठी म्हणत नव्हते. त्यांना दुसऱ्या कशात रडताच येत नव्हते. इंग्रजी चालींवर बेतलेली गाणी मिशनमध्ये तयार होती. ती गायली असती तर त्यांना कुणी बोल लावला नसता. तरी हृदय भरून आले की तोंडातून आईचीच बोली येते, आणि त्यांची आई ज्ञानोबा-तुकोबांची बोली बोलत होती. १९१७ साली तर मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ नावाची मंडळी काढली. तीत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. १९१९ साली ते वारले.

सगळ्याच ख्रिस्ती झालेल्यांचे असे मत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. केडगावच्या पंडिता रमाबाई, अनंतशास्त्री डोंगऱ्यांची कन्या, पुराणांत वाढलेली. त्यांनी बायबलाचे भाषांतर केले तेव्हा साध्या बायाबापड्यांना कळेल अशी भाषा हवी, आणि जुन्या धर्मकल्पना चिकटलेले संस्कृत शब्द शक्यतो नकोत, असा त्यांचा कटाक्ष होता. टिळक म्हणत, जुन्या भांड्यातच ओता. रमाबाई म्हणत, भांडे घासून घ्या. दोघेही प्रामाणिक. एवढ्यावरून कळावे की हा कुणी एके ठिकाणी बसून रचलेला डाव नव्हता. ती जिवंत माणसांची ओढाताण होती.

आता आमचा उत्तरपक्ष. तो तीन पायऱ्यांचा आहे.

पहिली पायरी. दुसऱ्याचे गाणे घेऊन आपल्या देवाला वाहणे ही चोरी असेल, तर पहिली फिर्याद आमच्याच घरात लागेल. ओवी आली कुठून? जात्यावरच्या बायांकडून. ज्ञानोबारायांनी ती घेतली आणि गीतेचा अर्थ तीत भरला. नाथमहाराजांची भारुडे पाहा. गोंधळ कुणाचा? भवानीच्या गोंधळ्यांचा. वाघ्या-मुरळी कुणाची? खंडोबाची. जोहार कुणाचा? वेशीवर उभे राहणाऱ्या महाराचा. फकिराची बोली कुणाची? नाथांनी हे सगळे आवाज घेतले आणि विठ्ठलाच्या पायी घातले. आम्ही वर्षानुवर्षे ती भारुडे म्हणतो, हसतो, रडतो. गोंधळ्याने येऊन ‘‘माझा संबळ परत द्या’’ असे कधी म्हटले का? नाथांनी जे केले ते चोरी नव्हे, कारण ज्याचे गाणे घेतले त्याला त्यांनी हलके मानले नाही. तोच न्याय दुसऱ्याला लावायचा की नाही? माप एकच ठेवा.

आणि अभंगाने आपल्या धर्माची वेस पूर्वीच ओलांडलेली आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद महाराज जन्माने मुसलमान. त्यांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, अभंग लिहिले, आणि मराठी संतमालिकेत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. ते ‘आपले’ आणि टिळक ‘परके’ असे कुणी म्हणेल तर का, हे त्याने नीट सांगावे. कारण एकच सांगता येईल: शेख महंमद विठ्ठलाकडे आले, टिळक विठ्ठलाकडून गेले. येणारा गोड वाटतो, जाणारा कडू. हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पण मनुष्यस्वभाव म्हणजे धर्म नव्हे.

दुसरी पायरी. मग गळ कुठला आणि प्रेम कुठले, हे ओळखायचे कसे? आमच्या मते तीन खुणा पाहाव्यात. पहिली, जोर. गाण्यामागे शिपाई उभा आहे का? असेल तर ते गाणे कितीही गोड असो, ऐकणारा मोकळा नाही. दुसरी, भाकरी. गाण्याला धान्याची पिशवी बांधली आहे का? दुष्काळात भुकेल्याला ‘आधी नाव बदल, मग खा’ असे कुणी म्हटले, तर तो धर्म विकतो आहे. तिसरी, झाकपाक. गाणारा आपला देव लपवून गातो का? अभंग म्हणतो आणि शेवटपर्यंत कळू देत नाही की हा कुणाला हाक मारतो आहे; तर ते सोंग झाले. या तिन्ही खुणांत जो सापडत नाही, उघड सांगतो की मी ख्रिस्ताचा आणि मी अभंग गातो कारण माझा बाप हेच गात होता, त्याच्याशी आमचे भांडण नाही. त्याचा देव आम्ही घेतला नाही. आमचा टाळ त्याने घेतला. टाळ वाजवल्याने झिजतो, दिल्याने नाही.

लक्षात ठेवा, या खुणा आपल्यालाही लागू आहेत. आपल्यातही कुणी अन्नदानाच्या पंगतीला अट घातली, कुणाला धाक दाखवून ‘परत ये’ म्हटले, तर तेही याच तीन खुणांत सापडेल. माळ गळ्यात प्रेमाने पडते. धाकाने पडली तर ती दोरी होते.

तिसरी पायरी सगळ्यांत अवघड. ती आपल्यावर येते. माणसे गेली का?

टिळकांसारखा शास्त्र शिकलेला ब्राह्मण एखादा. नगर जिल्ह्यात १८३१ पासून मिशनचे काम चालले. त्यात मोठ्या संख्येने गेले ते महार आणि मांग समाजातले लोक, आणि १८७६-७८ च्या दुष्काळाच्या आगेमागे पुष्कळ गेले. गावात तेव्हाही म्हणत, आजही म्हणतात, ‘‘पोटासाठी गेले.’’ आम्ही विचारतो, पोट रिकामे कुणी ठेवले होते? गावचा पाणवठा कुणाच्या ताब्यात होता? चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरीला महाद्वारापाशी समाधी दिली. महाद्वारापाशी! आत नव्हे. त्या पायरीवर डोके ठेवून आपण शेकडो वर्षे आत गेलो, आणि चोखोबाचे जातभाई बाहेरच राहिले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. आमच्या नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळारामाच्या दारी सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षांच्या आसपास तो चालला, दार उघडले नाही. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी सांगितले की मी हिंदू म्हणून मरणार नाही. ते पुढे १९५६ साली बुद्धाला शरण गेले, ख्रिस्ताला नाही. पण दार लावणारे हात तेच होते.

आता नीट पाहा. ज्या माणसाला देवळात जाता येत नव्हते, पोथीला शिवता येत नव्हते, पंगतीत बसता येत नव्हते, त्याला आपल्याकडून मिळाले काय? एक अभंग मिळाला. अभंगाला दार लागत नाही. तो वेशीबाहेर बसूनही ऐकू येतो. तो माणूस उठून गेला तेव्हा त्याने तेवढेच बरोबर नेले, कारण तेवढेच त्याला देता आले होते. आणि आपण त्याला म्हणतो, तू आमचे गाणे चोरलेस! अहो, घरातून भावाला हाकलले, त्याने जाताना आईने शिकवलेले गाणे गुणगुणले, तर त्यावरही हक्क सांगायचा?

असे म्हटले की कुणी म्हणेल, ‘‘तिकडे गेल्यावर जात सुटली का?’’ रास्त प्रश्न आहे. सुटली नाही, पुष्कळांची नाही. ख्रिस्ती मंडळ्यांतही जुन्या जातीचे वास राहिले, बसण्या-उठण्यात राहिले, सोयरिकीत राहिले. लक्ष्मीबाईंचेच उदाहरण घ्या. पतीजवळ नगरला राहायला गेल्यावरही त्यांनी कितीतरी दिवस आपले पाणी वेगळे, चूल वेगळी, सोवळे वेगळे ठेवले. मग एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले की हा भेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे. त्या दिवशी सोवळे सुटले. आणि ध्यानात घ्या, ख्रिस्ती दीक्षा त्यानंतरची, १९०० सालची. आधी माणूस जवळ आला, मग देव ठरला. ज्या ज्ञानासाठी त्यांना इतके दूर जावे लागले ते तर आपल्या वाळवंटात सातशे वर्षे सांगितले जात होते! वारकरी वारकऱ्याच्या पाया पडतो, वय पाहत नाही, जात पाहत नाही. वाळवंटात पाहत नाही. गावी परतल्यावर काय करतो, हा प्रश्न आम्ही आम्हालाच विचारतो आहोत, तुम्हीही विचारा.

आणि गेलेले नुसते गेले नाहीत. पुष्कळ काही उलट आलेही. लक्ष्मीबाईंना लिहिणे-वाचणे शिकवले ते टिळकांनी; त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने आली आणि मराठी भाषेला एक अलंकार मिळाला. जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. उतारवयात त्यांनी हाती काय घेतले? आमच्या संतांची चरित्रे! नाथ, बहिणाबाई, तुकोबा यांच्यावरची त्यांची इंग्रजी पुस्तके १९२७ ते १९३० च्या दरम्यान निघाली, आणि पंडित नरहर गोडबोले यांच्या साह्याने महिपतीबोवांचा ‘भक्तविजय’ इंग्रजीत उतरला. तो १९३३ पासून छापला गेला, तोवर ॲबट वारले होते. आज दूरदेशी कुणी तुकोबांचे नाव घेतो त्यात या माणसाचा वाटा आहे. महिपतीबोवांचे ताहाराबाद राहुरी तालुक्यात. आणि त्याच राहुरीत टिळकांचा संसार काही वर्षे होता. अलीकडचे सांगायचे तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनी बायबल सुबोध मराठीत आणले, ते जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. कुणी आक्षेप घेतले. पण संतवाणीचा व्यासंग असलेला तो मराठी माणूस व्यासपीठावर बसला, आणि भाषेचे काही बिघडले नाही. २०२४ साली ते गेले.

मग सगळे एकच, असे म्हणायचे का? नाही. इथे आम्हाला दुसऱ्या तटाशीही दोन शब्द बोलायचे आहेत. ‘सगळे सारखे’ असे म्हणणारा बहुधा कुठलेच नीट धरीत नाही. नाशिकरोडला दर फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते, सर्व जातिधर्मांची माणसे जातात, नवस बोलतात. जावे, आनंदाने जावे. पण नवसाची रांग कुठल्याही देवाच्या दारी सारखीच. तीत देवघेव असते, भक्ती असेलच असे नाही. इथे काम झाले नाही म्हणून तिथे, तिथे झाले नाही म्हणून आणखी कुठे, याला धर्मांचा मिलाफ म्हणू नका. तो बाजार आहे. तुकोबांनी नवसाचा बाजार विठोबाच्या दारीही चालू दिला नाही.

वारकऱ्याची निष्ठा पंढरीच्या विटेवर. ती ढळू देऊ नये. आपल्यात फड वेगळे आहेत, त्यांच्या चाली वेगळ्या, शिस्त वेगळी, दिंडीचा क्रमांक ठरलेला. वासकर आपल्या चालीने म्हणतील, देहूकर आपल्या. कुणी दुसऱ्याची चाल बिघडवत नाही, आणि कुणी म्हणत नाही की अभंग माझ्या फडाचा. निष्ठा आणि वैर यांतले अंतर आपल्याला फडावरच शिकवले जाते. तेच शेजारधर्मात वापरा. ख्रिस्ती शेजारी त्याच्या देवळात अभंग म्हणत असेल तर त्यात सूर मिसळायची सक्ती नाही. दारावरून जाताना दगड उचलायचे कारण मुळीच नाही. भेटला तर विचारावे, चाल कुठली बांधलीत, बुवा? बोलणे तिथून सुरू होते.

येत्या ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकाहून निघेल, नाशकातून सिन्नर, पुढे राहुरी, मग अहमदनगर म्हणजे आताचे अहिल्यानगर, करमाळा, आणि पंढरी. टिळक आणि सांगळे जिथे गायले तीच ही गावे. वाटेत पाणी देणाऱ्या हातांत एखादा हात त्यांच्या मंडळीतल्या घरचाही असेल. तो ग्लास घेताना नाव-गाव विचारू नका. आणि त्याला आपल्या पंगतीला बोलावताना तर मुळीच विचारू नका. अभंग कोणाच्या मालकीचा या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: मालक असा कुणीच नाही. संतांनी तो ठेव म्हणून ठेवला. ठेव राखणाऱ्याचे काम दोन प्रकारचे: स्वतः रोज गावी, आणि मागायला येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवावे. पहिले काम आपण बरे करतो. दुसऱ्याची बाकी फार थकली आहे. ती फेडायला एका माणसाला एक वारीही पुरेल.

॥ रामकृष्णहरि ॥